तुलनेसाठी ठेवलेली माणसं

काम हातात देतानाच कलाविभागाच्या साहेबांनी बाईंना बजावलं होतं, "गाण्याने माणसाला बरं वाटतं, हे घरी बायकोही ऐकवते मला. तुम्ही दाखवा, की दवाखान्याचा खर्च वाचतो. नाहीतर तो हॉल गोदामाला द्यायचं जवळपास ठरलंच आहे."

हॉल म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची वरची खोली. मास्तर तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गाणं शिकवत. शिकवत म्हणजे काय, सगळे मिळून मनसोक्त बेसूर गात आणि मास्तर डोळे मिटून पेटी वाजवत.

बाई संख्याशास्त्राच्या. गाण्याच्या वर्गाला नवीन नावं आली तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्यांना लगेच प्रवेश, अर्ध्यांनी वर्षभर थांबायचं. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच, म्हणजे वर्षाअखेर दवाखान्याच्या फेऱ्यांत जो फरक दिसेल तो गाण्याचा.

"थांबलेल्यांना काही झालं तरी आत घ्यायचं नाही, मास्तर," त्यांनी समजावलं. "ते बाहेर आहेत, म्हणूनच आतल्यांचं काहीतरी सिद्ध होणार."

मास्तरांनी मान डोलावली. ते ताल धरतानाही तशीच डोलवत, हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

वर्ष सरलं. आकडे आले. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या, चांगल्या घसघशीत कमी. पण दोन्ही गटांत सारख्याच. गणित पुन्हा तपासलं, चूक सापडेना. मग त्या थांबलेल्यांपैकी एकाच्या, शिंपीकाकांच्या घरी गेल्या.

"तब्येत छान दिसतेय, काका."

"दिसणारच. आठवड्यातून दोनदा घसा मोकळा होतो ना." काकांनी दाताने दोरा तोडला आणि तसेच थांबले. "हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, नाही का?"

"अजून कोण कोण जातं?"

"सगळेच. मागच्या जिन्याने. तुम्ही यायच्या दिवशी तेवढे आम्ही घरी बसायचो. मास्तरांची सक्त ताकीद होती, बाईंचं मन मोडायचं नाही म्हणून."

बाई तडक हॉलवर गेल्या. मास्तरांनी आधी खुर्ची पुसून दिली.

"लोक जिन्यात उभे राहून ऐकायचे हो, बाई. सुरुवातीला मी मन घट्ट केलं. मग एक दिवस ती निवृत्त पोस्टवाली पायरीवर बसूनच गायला लागली. तिला काय, ऊठ म्हणू?"

"मला तरी सांगायचंत."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय वाटतंय?"

मास्तर म्हणाले, "पण सगळेच बरे झाले ना?"

"झाले."

"मग हे दुप्पट झालं की."

या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं, की सगळे बरे झाले हाच घोटाळा आहे?

साहेबांपासून त्यांनी काही लपवलं नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"यंदा फ्लूची साथ नव्हती," ते म्हणाले. "दवाखान्यात रांगा वाढल्यात, त्यानेही लोक जायचे थांबले असतील. खरं सांगा, दुसऱ्या कोणी हा अहवाल आणला असता तर तुम्ही मान्य केला असता?"

"नसता केला," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला एवढी एकच जागा होती, आणि तिथेही त्यांना ते जमलं नाही.

"मन लहान करू नका. हॉल तर बंद होणारच, मग बंद झाल्यानंतरचं मोजा. त्यासाठी निधी मी काढून देतो. आता कोणी मागच्या दाराने शिरायची भीती नाही."

बाईंनी नकार द्यायचं ठरवलं होतं. पण मोजलं नाही तर हॉल नुसताच बंद होणार होता. त्यांनी सही केली.

थंडीत त्या पुन्हा शिंपीकाकांकडे गेल्या. दार उघडायला काकांना बराच वेळ लागला. शिलाईच्या यंत्रावर जुनी चादर टाकलेली होती, तिच्यावर औषधाच्या बाटल्या. छापखान्याच्या वर आता खतांची पोती रचली होती. पोस्टवाली पडली होती आणि अंथरुणाला खिळली होती. हे बाईंना आधीच्या घरी कळलं होतं, काकांना सांगावं की नाही ते ठरत नव्हतं.

"दवाखान्यात किती वेळा जाणं झालं, काका?"

काकांनी सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"बाकीच्यांचंही असंच?"

"साधारण असंच."

"म्हणजे या खेपेला फरक दिसला म्हणायचा."

"दिसला, काका. स्पष्ट दिसला."

"बरं झालं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच जरा उजळला. "मास्तरांना कळवा हं. त्यांच्यामुळे तुमचं काम बिघडलं, हे त्यांनी फार मनाला लावून घेतलंय."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.