अव्वाच्या आवाजाची चकती

मित्रांनो, मी ईश्वरप्पांच्या कॉम्प्युटरला जोडलेला ब्लू-रे ड्राइव्ह. बटण दाबलं की जीभ बाहेर काढतो. तिच्यावर चकती ठेवली की आत ओढून घेतो आणि निळसर डोळ्यानं खालून वाचतो. वयानं जुना आहे, स्वभावानं संशयी. संशय मला या घरानं शिकवला.

जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण अक्कल आली ती लातूरच्या गंजगोलाईत. ईश्वरप्पांचं तिथं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याच्या चपला बघतात. हा घेणारा की नुसता भाव काढणारा, हे चपला सांगतात म्हणे. त्यांची मुलगी सृष्टी हिच्या लग्नाची फिल्म स्टुडिओवाल्यानं ब्लू-रे चकतीवर दिली, म्हणून मला आणलं गेलं. पहिल्या वर्षी काय माझं कौतुक! शेजारणी साडीच्या काठावरचे बुट्टे मोजायला यायच्या. मग सगळ्यांची नजर फोनमध्ये गेली आणि माझ्या डोक्यावर चहाचा कप आला. मी तक्रार केली नाही. कोण कप ठेवतं, तेवढं ध्यानात ठेवलं.

मग सृष्टीच्या आईच्या, पार्वतम्मांच्या, घशाचं ऑपरेशन झालं. घरात त्यांना अव्वा म्हणतात. अव्वा वाचल्या, आवाज गेला. आता हात बोलतात, भुवया रागावतात. जुने फोन केव्हाच मोडीत गेले होते; अव्वांचा आवाज उरला तो फक्त त्या लग्नाच्या चकतीवर. ऑपरेशननंतर जन्मलेल्या नातीनं, तनूनं, तो कधीच ऐकला नव्हता. "आज्जी कशी बोलायची?" हा तिचा एकच हेका. म्हणून यंदा दसऱ्याला सृष्टी आणि जावई मल्लेश तिला घेऊन नांदेडहून आले.

पण माझ्याबरोबर आलेलं फिल्म दाखवायचं सॉफ्टवेअर विंडोज बदलल्यावर बंद पडलं होतं. नवं निवडायचं होतं. त्यात आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अव्वांनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. तराजू, कॅल्क्युलेटर, स्कूटर, मी, सगळ्यांना भस्म लागलं. चकतीलाही लावायचं होतं. तिच्या एका बाजूला सृष्टी-मल्लेशचा फोटो. पोरांच्या तोंडावर राख कशी फासायची? अव्वांनी चकती उलटी केली आणि चकचकीत बाजूवर ओल्या भस्माची तीन बोटं ओढली. मी वाचतो ती हीच बाजू! ते भस्म रात्रीतून वाळून कडक झालं.

सकाळी मल्लेशनं फोटो वर करून चकती माझ्या जिभेवर ठेवली. माझ्या डोळ्यापुढं पांढरी भिंत. पण मला तोंड कुठं आहे सांगायला?

मल्लेशनं इंटरनेटवर शोध घेतला. पहिल्याच पानावर पाच हिरवी बटणं, प्रत्येक म्हणतं, मीच खरं. मल्लेशनं सगळ्यात मोठं दाबलं. फिल्म आली नाही; भोंगा वाजला आणि 'तुमचा संगणक धोक्यात' अशी पाटी आली.

"जावईबापू, चोर घरात घेतला का तुमी?" ईश्वरप्पा म्हणाले.

"काढून टाकतो, मामा."

दुसरं सॉफ्टवेअर झकपक होतं, काही दिवस वापरून बघा म्हणणारं. त्यानं आदबीनं सांगितलं, चकती वाचता येत नाही.

"अजून एक हाय," सृष्टी म्हणाली. "फुकट हाय, जाहिरात न्हाई, कार्डाचा नंबर न्हाई."

"कायबी मागत न्हाई?" ईश्वरप्पांनी चष्मा वर केला. "मग त्याचं पोट कशावर चालून राहिलं? नको. मागणारा परवडला, ह्याला आत घेऊ नको."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मग ईश्वरप्पांचा संशय फिरत फिरत माझ्याकडे आला. "हा डबाच मेलाय. उद्या भंगारात द्या. अन् चकतीवर आवाज अजून हाय, हे तरी कुणी बघितलं?"

अव्वांचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढं केला. मल्लेशनं चकती काढून दिली. त्यांनी ती छातीशी धरली, मग सहज पालथी केली. थबकल्या. आपली तीन बोटं हळूच त्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली. पट्टे बोटांना तंतोतंत बसले. अव्वांनी कपाळावर हात मारला.

"अव्वा! इभूत लावलीस व्हय ह्याला?" सृष्टी ओरडली आणि हसत सुटली. अव्वा पदरानं गोल गोल पुसणार, तोच तिनं चकती काढून घेतली. चष्म्याचं मऊ कापड ओलं करून मधून कडेकडे, हलक्या हातानं पुसली.

आता झकपक सॉफ्टवेअरनं चित्र दाखवलं. मांडव, अक्षता, अव्वांचे हलणारे ओठ. आवाज मात्र नाही. खाली पाटी: आवाज हवा असेल तर कार्डाचा नंबर द्या.

अव्वांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"सृष्टी," ईश्वरप्पा खाकरले, "ते फुकटवालं आण."

ते गुपचूप आलं, काहीही विचारलं नाही, आणि लागलं. कॅमेरा स्वयंपाकाकडे वळला आणि मांडव दणाणला:

"वरणात मीठ येकानं घातलं का समद्या घरदारानं? अन् हा शूटिंगवाला जेवला का? का नुसता आमची तोंडं बघून राहिला?"

तनू पडद्याकडे बघे, आज्जीच्या ओठांकडे बघे. "आज्जी, तू लई वरडत होतीस!"

अव्वा हसल्या. आवाज नाही, खांदे मात्र गदगदा हलत होते.

"पुन्ना लाव," ईश्वरप्पा म्हणाले. पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी माझ्यावर हात ठेवून पाहिला. मी तापलो होतो.

"जावईबापू, ह्याच्या दोन प्रती काढा. आजच. ह्या डब्याचा काय भरवसा?"

आयुष्यभर त्यांचे संशय सोसले, मित्रांनो. हा एक पटला. यंत्रांची पूजा खुशाल करा, पण चकतीची चकचकीत बाजू तेवढी सोडा. आणि माझ्यासारख्यावर भरवसा ठेवून बसू नका. मी फिरतोय तोवर आपल्या माणसांचे आवाज दुसरीकडे उतरवून घ्या.

त्या दुपारी मी जिवाच्या करारावर फिरलो. अव्वांचा एक शब्द गाळला नाही, मिठावरचा रागसुद्धा.