ठेवणीची घडी

"हसू नको गं, घडी पडेल."

आईचा तो आवाज अजून कानात आहे. त्याच्यामागे गरम इस्त्री ओल्या कापडावर टेकल्याचा 'चुस्स' आवाजही आहे. आमचं इस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लांब टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, पाण्याचं भांडं, लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. टेबलाखाली आम्ही दोघी बहिणी. मी काहीतरी वात्रट बोलायची, ताई फिसकन हसायची, की वरून आवाज यायचा. तो कायम ताईलाच. मी पोट धरून लोळले तरी मला कोणी काही म्हणायचं नाही. एकदा मीच विचारलं, "आणि मी?"

आई इस्त्री न थांबवता म्हणाली, "तुझं काय, तू हस."

काम करताना ती गुणगुणायची. शब्द तिचेच, चाल इस्त्रीच्या जाण्यायेण्याची:

ठेवणीचं कापड, नको मोडू त्याची घडी
हसशील तर हास, ओठांपुरती गं थोडी

ठेवणीचं कापड ताई होती. नितळ कातडी, लांब डोळे. मी रोजच्या वापरातलं. गल्लीतली पोरं तिला 'कडक' म्हणायची आणि मला 'चुणी'. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. म्हणजे, वाटायचं नाही असं मी सांगायची.

पुढे मला मागणी घालणारा जो पहिला आला, त्याच्याच हवाली आईनं मला केलं. ताईसाठी आलेल्यांत मात्र खोट निघत गेली. एकाचे कान मोठे, एकाचा पगार लहान. तिसऱ्याची आई फार बोलकी होती, आणि एका घरात दोन बोलक्या आया कशा मावणार? ठेवणीचं कापड ठेवून ठेवूनच विरतं, हे आयुष्यभर कापड हाताळणाऱ्या बाईला कळू नये? कळलं तेव्हा आईचे पाय गेले होते, डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, आणि तिला उठवायला, बसवायला ताईशिवाय कोणी नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ताई सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभी असायची. डोळ्यांभोवतालच्या सुरकुत्यांची क्रीम विकायची. बायका बाटलीकडे बघायच्याच नाहीत, ताईच्या डोळ्यांकडे बघायच्या. कडेला एक रेघ नाही. "तुम्ही कुठली लावता हो?" ताई बोट दाखवायची ती बाटली खपायची. खरं तर ती रात्री तोंड धुऊन चिमूटभर व्हॅसलीन लावायची, बस्स. तिची क्रीम वेगळीच होती. ती आईनं टेबलाखालीच लावून ठेवली होती.

माझं दोन खुर्च्यांचं पार्लर. एके दुपारी ताई आली आणि खुर्चीत आडवी झाली.

"मालकीणबाईंनी काउंटरवर मोठं दाखवणारा आरसा बसवलाय," ती म्हणाली. "मला त्यात बघून म्हणाल्या, बाई, तुमच्या डोळ्यांपाशी काहीतरी दिसतंय. घालवा ते, नाहीतर मागे गोदामात एक जागा आहेच."

मी दिवा ओढला. होत्या. दोन्हीकडे तीन-तीन, केसाएवढ्या.

"चुणे, जातील ना गं?"

"बारीक अक्षर वाचताना काय करतेस?"

तिनं डोळे किलकिले करून दाखवले.

"हेच. दिवसभर बाटल्यांवरची मुंग्यांएवढी अक्षरं वाचायची, मग कातडी चुरगळणारच. चष्मा घे. उन्हात काळा चष्मा. डोळे चोळायचे नाहीत, कुशीवर झोपायचं नाही. आणि क्रीम लावायची तर या बोटानं." मी तिचं करंगळीशेजारचं बोट धरलं. "हे सगळ्यांत दुबळं. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. अनामिका म्हणतात हिला. नावही नाही, जोरही नाही."

"म्हणजे माझ्यासारखी," ताई म्हणाली. ओठांपुरती हसली.

चष्मेवाल्याचं दुकान तिच्या रस्त्यावरच होतं. मीच पत्ता दिला.

पुढच्या आठवड्यात ती चष्मा लावून आली. "अगं, तो माणूस चक्रम आहे. म्हणाला, ही अक्षरं वाचा. मी म्हटलं, दिसत नाहीत. तर म्हणतो, मला तरी कुठे दिसतात, मी पाठ केलीत!" आणि ती हसली. घडीतलं नवं कापड उलगडताना जसा करकरीत आवाज होतो, तसं. मी पहिल्यांदा ऐकला तो आवाज. बहीण असून.

चष्मा मग रोज बिघडायला लागला. आज दांडी सैल, उद्या नाकावर रुततोय. "मी तक्रार केली, तर म्हणाला, इतकं चांगलं नाक इतकी वर्षं रिकामं का ठेवलंत? भाड्यानं तरी द्यायचं!"

"विधुर आहे ना?"

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली की मी चमकले.

किलकिल्या डोळ्यांच्या त्या तीन रेघा पुसट झाल्या. पण त्यांच्याखाली नव्या उगवल्या, गालाकडे वळणाऱ्या. त्या कशाच्या, हे मला शिकवायला नको. मी वीस वर्षं बायकांचे चेहरे वाचते. आणि आरशात रोज माझाही वाचते. हसूनहसून पडलेल्या माझ्या रेघांकडे बघून कोणी कधी विचारलं नव्हतं, कुणामुळे.

आईला मात्र दिसत नसूनही दिसलं. एका रविवारी मी गेले होते. ताई उशी नीट करायला वाकली, तशी आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. अंगठा डोळ्याच्या कडेला थांबला.

"घडी पडलीय," आई म्हणाली. "कोण आहे?"

ताई स्वयंपाकघरात गेली. आई माझ्याकडे वळली. "ती गेली की मी तुझ्याकडेच यायची. तुझ्या दोन खोल्यांत माझी खाट कुठे मावते, ते मोजून ठेव." मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुझं काय, तू हसतेस. तुला सगळं सोसतं."

घरी जाऊन मी खरंच मोजलं. खाट मावत होती. मीच मावत नव्हते.

त्यानंतर दहा दिवसांनी चष्मेवाला पार्लरच्या दारात उभा राहिला. बायकांच्या जागेत पाऊल टाकावं की नाही, या विचारात बाहेरच. हातात चष्म्याची निळी डबी.

"मी तुमच्या ताईंना विचारलंय," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, आईचं कसं करायचं ते बहिणीशी बोलते आणि सांगते. दोन आठवडे झाले. परवा दुकानाकडे आल्या, पण गिऱ्हाईक बघून मागे फिरल्या. माझं दुकान आता मुलाच्या गावी जातंय, शनिवारी ट्रक येईल. आईंनाही घेऊन चला म्हणणार होतो. तिथे खालच्या मजल्यावर खोली आहे, पायऱ्या नाहीत."

त्यानं जिना नाही हेसुद्धा बघून ठेवलं होतं. आईला तर तो भेटलाही नव्हता.

ताई माझ्याशी बोलली नव्हती. येऊन बसायची, काही बोलायला तोंड उघडायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून मिटायची. मला काय ते कळत होतं. मी विचारलं नव्हतं.

आई त्यांच्याबरोबर गेली असती. माझी खोली मोकळीच राहिली असती. म्हणजे मला अडचण काहीच नव्हती. तरी तोंडातून निघालं ते असं: "ती तोंडावर नाही म्हणत नाही हो. मला म्हणाली, पिच्छा सुटला तर बरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. समोरच्याला अक्षरं वाचता येतायत का, हे बघतात तसा. मग त्यानं डबी माझ्या हातात दिली. "नवीन नंबरचा आहे. एवढा द्या. वाचताना त्रास होतो त्यांना."

त्यानं माझे आभारही मानले. मी डबी खालच्या खणात, जुन्या टॉवेलांखाली ठेवली.

याला तीन महिने झाले. काल ताई आली. चष्मा जुनाच, दांडीला दोरा गुंडाळलेला. आडवी झाली, डोळे मिटले. मी दिवा ओढला. नितळ. नव्या रेघा शोधाव्या लागत होत्या.

"मालकीणबाई खूश आहेत," ती म्हणाली. "काउंटरमागे माझा फोटो लावलाय, मोठा. बायका विचारतात, इतका फरक कशानं पडला? मी सांगते, धाकट्या बहिणीच्या हाताला गुण आहे."

मी अनामिकेवर क्रीम घेतली. टेकवत गेले, नाकापासून कानाकडे, एकेक थेंब.

"आईही परवा हात फिरवून म्हणाली, घडी बसली गं पुन्हा." ताई चष्म्याच्या दांडीवरचा दोरा नखानं खरवडत म्हणाली, "चुणे, त्यानं निदान सांगून तरी जायचं होतं, नाही का? मी दुकानाशी गेले तर शटर बंद. एवढी काय मी वाईट दिसत होते हसताना?"

माझं बोट तिच्या डोळ्याच्या कडेला होतं. तिथे ओलं लागलं. क्रीम नव्हती ती.

वीस वर्षं मी बायकांना हे बोट दुबळं म्हणून सांगत आले. काल ते उचलता उचलेना. मी वाकून खालचा खण ओढला, टॉवेल बाजूला केले, आणि निळी डबी तिच्या छातीवर ठेवली. तिनं न बघता ती चाचपली. डबी उघडली, टक्.

"ताई, डोळे उघडू नकोस. आधी ऐक," मी म्हणाले. "तो आला होता. इथे, या दारात. आईलाही न्यायला तयार होता. मी त्याला सांगितलं, तुला तो नकोय."