आब्रे, आब्रास, आब्रा

स्पॅनिशची परीक्षा सोमवारी आणि अकोल्याचे पाहुणे रविवारी, अशी आकांक्षाच्या आयुष्याची आखणी अमरावतीच्या घरात झाली होती. तिला न विचारता. पास झाली तर पुण्यात नोकरी, पसंत पडली तर अकोला.

"फक्त पाहूनच जाऊन राहिले ते," वडील खुशालराव म्हणाले. "पाह्यल्यानं झिजते का तू?"

पाहायला तीन गाड्या भरून माणसं आली. एकीच्या हातात झाकलेली परात होती.

"आई, त्यात काय आहे?"

आशाबाई पोह्यांवर कोथिंबीर पेरत राहिल्या.

मुलगा, गजेंद्र, मोबाईलमध्ये होता. बोलणं त्याच्या आजीकडे, पार्बताबाईंकडे होतं. "कोनती भाषा शिकून राहिली म्हंते तू? बोलून दाखव बरं."

आकांक्षाला वाट दिसली. असलं काही ऐकवावं, की सून म्हणून ही नकोच वाटावी. तिनं पूर्ण भविष्यकाळ काढला. अमुक दिवसापर्यंत अमुक होऊन गेलेलं असेल, हे सांगणारा काळ. क्रियापदं नियमित घेतली. त्यांत अपवाद नसतो, म्हणजे सुटकाही नसते.

"आब्रे विविदो. आब्रास विविदो. आब्रा विविदो. आब्रेमोस विविदो. आब्रेइस विविदो. आब्रान विविदो."

जगणं झालं. मग बोलणं, खाणं, विकणं. एका सुरात, न थांबता.

बैठक चिडीचूप झाली. जमलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पार्बताबाईंनी पदर सावरून हात जोडले. त्यांचं पाहून सगळ्यांनी जोडले. एका काकांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली. परातीवरचं फडकं निघालं आणि शेवटच्या 'आब्रान'ला तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या.

"घ्या! मंत्र बी पोरीनंच म्हटले," काका खूश झाले. "आता साक्षगंध आजच उरकून टाकू."

"हे मंत्र नाहीत," आकांक्षा म्हणाली. "क्रियापदं आहेत."

"असू दे ना माय," पार्बताबाई मायेनं म्हणाल्या. "आमाले कुठं समजते?"

परातीत साखरपुड्याची साडी होती, नारळ होता, हिरव्या बांगड्या होत्या. एका बाईनं आकांक्षाचा हात मांडीवर घेतला. पहिली बांगडी न अडखळता मनगटावर उतरली. बरोबर मापाची. आकांक्षानं आईकडे पाहिलं. आशाबाई रिकाम्या बशा गोळा करत होत्या.

"बाबा, उद्या माझा पेपर आहे."

खुशालराव नारळाची शेंडी सारखी करत होते.

"हात ढिला सोड, बाई," बांगड्या भरणारी म्हणाली.