लेसीच्या खोलीतलं वायफाय

दोन वाजता ऑकलंडहून फोन यायचा होता आणि पावणेदोनला कळलं की इकडे बेटावर घरातलं वायफाय गेलंय.

लोसा सकाळी सातपासून नटून तयार होती, आता ओसरीवर बसली होती. कमरेला, समारंभाला बांधतात तशी, तिच्या आजीने विणलेली जुनी चटई आवळून बांधलेली. ती चटई बांधली की माणसाला वाकता येत नाही. लोसाला वाकायची सवय नव्हतीच, त्यामुळे तिला काही जड गेलं नाही. समोर स्टुलावर लेकाने टॅबलेट उभा करून ठेवला होता, पाठीमागच्या भिंतीवर झाडाच्या सालीचं रंगवलेलं मोठं कापड टांगलं होतं, म्हणजे तिकडे ऑकलंडात लोकांना तिचं घर भिकारड्याचं वाटू नये.

"आई, नुसतं गोल फिरतंय," फेलेती म्हणाला.

"फिरू दे. अजून पाव तास आहे."

"फिरतंय म्हणजे नेट नाही."

"मग तसं बोलायचं. मला वाटलं काम चाललंय त्याचं."

धाकट्या भावाची, सेमीसीची लेक अकानेसी हिचं आज लग्न होतं. चर्चमधलं सकाळीच उरकलं होतं. आता हॉलमध्ये मंडळी जमणार, नवरीला आत्याच्या मांडीवर बसवणार, मग केक कापून त्याचा सगळ्यात वरचा मजला आत्याकडे जाणार आणि त्यानंतरच बाकीच्यांनी जेवणाला हात लावायचा. आत्या म्हणजे लोसा. चार महिन्यांपूर्वी तिच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली आणि डॉक्टरने विमानाला साफ नाही म्हटलं. सेमीसीने निरोप पाठवला: ताईची खुर्ची रिकामी राहणार नाही, चटयांच्या राशीवर खुर्ची, खुर्चीत मोठा टॅबलेट, त्यात ताई, आणि पोरगी त्या खुर्चीपाशी टेकणार. लोसाला आधी हे माकडचाळे वाटले. पण ती नाही म्हणाली असती, तर त्या खुर्चीत तिची चुलतबहीण वाइमोआना बसली असती. वाइमोआनाचं बूड रिकामी खुर्ची दिसली की आपोआप टेकतं.

म्हणून लोसा हो म्हणाली.

ओसरीवर तिच्या शेजारी, मऊ उशी घालून जरा उंच बसवलेली दुसरी बाई म्हणजे तिची नणंद फाने. तिकडे सेमीसीच्या घरात जो मान लोसाचा, तोच इकडे लोसाच्या घरात फानेचा. लोसाचा नवरा मालाकाई जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याच्या बहिणीचा हक्क तिळभर कमी झाला नव्हता. फाने आली आणि एखाद्या वस्तूकडे तिने दोनदा पाहिलं की ती वस्तू तिची. शिलाई मशीन तसंच गेलं. गाभण डुकरीण तशीच गेली. लोसा हसून द्यायची आणि ती गेली की भांडी आपटायची. लोसाने स्वतः सेमीसीच्या घरून काय काय उचललं होतं, त्याची गोष्ट वेगळी. तो हक्क होता.

"माझ्याकडे नेट चालतं बाई," फाने पंख्याने वारा घेत म्हणाली. "माझ्या जावयाने घातलंय."

"तुझ्या जावयाने मुलीला दोन वेळचं घातलं असतं तरी मी त्याला मानलं असतं."

फाने खदाखदा हसली. या दोघींचं असंच चालायचं. पण मानाच्या दिवशी नणंदेच्या दारात जाऊन बसायचं लोसाच्या मनातही आलं नाही.

फेलेती कामाला लागला. तो बंदरावरच्या कचेरीत कॉम्प्युटर बघायचा, त्याला हे सगळं कळायचं. पण वायफायची डबी होती लेसीच्या खोलीत, कारण वायर त्या खिडकीतून आत येते. लेसी त्याची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. मोठ्या झालेल्या बहिणीच्या खोलीत भाऊ पाऊल टाकत नाही, दारातून डोकावतसुद्धा नाही. घर पेटलं तरी आधी हाक मारतो. तेव्हा जाणकार माणूस ओसरीवर, डबी आतल्या खोलीत, आणि मध्ये बोळाच्या तोंडाशी लोसा, असं दुरुस्तीचं काम सुरू झालं.

"आई, तिला विचार, डबीवर दिवे किती लागलेत?"

"लेसी! दिवे किती?"

"चार! हिरवे!" आतून आवाज आला.

"चारही हिरवे? मग लाइन तर आहे," फेलेती डोकं खाजवत म्हणाला. "तिला सांग, बटण बंद करून मनात तीसपर्यंत मोजायचं आणि मग चालू करायचं."

"लेसी! बंद कर, तीसपर्यंत मोज आणि लाव!"

मोजून झालं. दिवे गेले, दिवे आले, चारही हिरवे. टॅबलेटवर मात्र तेच गोल फिरणं. फेलेतीने टॅबलेट बंद करून लावला. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. स्वतःचा फोन पाहिला, त्यावरही काही नाही.

"तिला विचार, तिच्या फोनवर येतंय का तिथे?"

"एक काडी येते आणि जाते!" लेसी न विचारताच ओरडली. भाऊ-बहीण एकमेकांचं ऐकत होते सगळं, पण बोलणं आईच्या तोंडून व्हायचं होतं.

"डबीच्या शेजारी बसून एकच काडी?" फेलेती आता खरोखर बुचकळ्यात पडला. "काल तर विहिरीपर्यंत येत होतं. आई, कालपासून आजपर्यंत त्या खोलीत काही बदललं का?"

"काय बदलणार?" लोसा म्हणाली. "खोली ती खोली."

ती खोटं बोलली. ते बोलताना तिने फानेकडे पाहिलंही नाही, इतकं सफाईने बोलली.

झालं होतं असं, की सकाळी अकरा वाजता, फेलेती फानेला आणायला गावात गेलेला असताना, बंदरावरून ट्रक आला. सेमीसीने लेकीच्या लग्नानिमित्त बहिणीला मानाची भेट जहाजाने धाडली होती: डब्यातल्या खाऱ्या मांसाची खोकी, एकूण चाळीस. असं मांस विकत घ्यायला गेलं तर घरटी महिन्याला एक डबा परवडतो. लोसाचा ऊर भरून आला, आणि लगेच तिच्या डोळ्यांपुढे फाने उभी राहिली. नणंदेने दोनदा पाहिलं की संपलं. या घरात कुणाच्याही नजरेला पडणार नाही अशी एकच जागा होती, जिथे लेकसुद्धा पाय ठेवत नाही. ट्रकवाल्याने खोकी मागच्या दाराशी उतरवली आणि लोसाने हातात काठी धरून ती लेसीकडून आत रचून घेतली. कोपऱ्यात एक फळी होती, तिच्यासमोर जमिनीपासून छतापर्यंत भिंतच उभी राहिली. लेसीचं तोंड तिने आधीच बंद केलं होतं: "एक शब्द काढलास तर चर्चच्या गाण्यातून तुझं नाव काढून टाकायला सांगेन."

फळीवर वायफायची डबी होती, हे लोसाला माहीत होतं. पण डबी झाकली म्हणून बिघडलं कुठे? कणगीत ठेवला तरी रेडिओ वाजतोच की.

"मी टेकडीवर जाऊन बघतो," फेलेती म्हणाला आणि धावला. मोबाइलची रेंज गावात एकाच ठिकाणी यायची, वरच्या कबरस्तानात. लोसाला तिथे नेणं शक्य नव्हतं. एक तर तो पाय. आणि लग्नाची चटई बांधून कबरींमध्ये उभं राहून नवरीला आशीर्वाद द्यायचा, याहून सरळ शाप दिलेला बरा.

दोन वाजले. सव्वादोन झाले. गळ्यातली फुलं उन्हाने मलूल व्हायला लागली. फाने काही बोलेना, त्याचा लोसाला जास्त राग आला. नणंद टोमणे मारत होती तोवर बरं होतं.

फेलेती परत आला तो धापा टाकत.

"मामा म्हणतो, अडीचपर्यंत थांबतो. हॉल चारला दुसऱ्यांना द्यायचाय, माणसं भुकेली आहेत. अडीचला आत्या दिसली नाही तर..." तो थांबला.

"तर काय? तोंडात मासा अडकलाय का?"

"तर वाइमोआना मावशीला बसवणार आहेत. ती खुर्चीच्या शेजारीच उभी आहे म्हणे."

"उभी असणारच!" लोसा किंचाळली. "ती जन्मल्यापासून तिथेच उभी आहे!"

मग तिने गळ्यातली मलूल फुलं सरळ केली. अकानेसी सहा महिन्यांची असताना आईचं दूध आटलं होतं, तेव्हा लोसा ऑकलंडला जाऊन सव्वा वर्ष राहिली होती. पोर तिच्या पोटावर झोपायची. तिच्याशिवाय कुणाच्या मांडीवर बसून ती पोर आज सासरी जाणार, हे काही लोसाच्या डोक्यात शिरेना.

"आई," फेलेती तिच्यासमोर उकिडवा बसला, हळू बोलला. "दिवे हिरवे आहेत. लाइन ठीक आहे. डबी ठीक आहे. याचा अर्थ एकच, डबीतून जे निघतं ते कुठेतरी अडतंय. भिंतीने एवढं अडत नाही, लाकडाने अडत नाही. पत्र्याने अडतं. डबीभोवती पत्र्याचं काही ठेवलंय का? तू फक्त हो म्हण. काय ते मी विचारणार नाही."

पंख्याचा आवाज थांबला. फाने ऐकत होती.

लोसाने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून एकोणीस मिनिटं. तिने नणंदेकडे पाहिलं, मग बोळाकडे. 

"डबे आहेत," ती म्हणाली.

"किती?"

"मघाशी म्हणालास विचारणार नाही."

"काय आहे ते विचारणार नाही म्हणालो. किती ते कळायला नको?"

"चाळीस खोकी. खोक्यात चोवीस."

फेलेतीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आई, तू डबीला पत्र्याच्या पेटीत पुरलंस!"

"मला काय ठाऊक, त्याला मांस चालत नाही म्हणून!"

आता खरी अडचण. खोकी काढायची कुणी? फेलेती आत जाऊ शकत नव्हता. लोसाला वाकता येत नव्हतं. लेसीला एकटीला अर्धा तास तरी लागला असता. शेजारच्या बायका हाकेच्या अंतरावर नव्हत्या, त्या पाद्रीणबाईंकडे चटया विणायला बसल्या होत्या.

फाने उठली. उशी बाजूला केली, पंखा ठेवला, रेशमी झग्याच्या बाह्या वर सारल्या. या घरात तिने पाण्याचा पेला उचलावा अशी रीत नव्हती. तिच्यासाठी उचलायचा असतो. 

"अगं, तू बस. तू कशाला..."

"गप गं. पोरगी तिकडे खोळंबलीय," फाने बोळात शिरत म्हणाली. "लेसी! उंबऱ्यापर्यंत ढकल, पुढचं मी घेते."

मग काय घाई उडाली! लेसी आतून खोकी ढकलायची, फाने ती पोटाशी धरून बोळातून आणायची आणि बोळाच्या तोंडाशी फेलेती घ्यायचा. तो ती ओसरीवर रचत गेला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बासष्ट वर्षांची बाई ती, चौथ्या फेरीला तिचा अंबाडा सुटला, आठव्या फेरीला ती मोठमोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागली. मध्येच एक खोकं फाटलं आणि डबे गडगडत अंगणात गेले, डुकरं बिचकून पळाली.

"सेमीसीने काय अख्खं जहाज पाठवलं का गं?" फाने धापा टाकत म्हणाली.

"त्याची बहीण एकच आहे," लोसा म्हणाली. एवढ्या घाईतही तिला ते म्हटल्यावाचून राहवलं नाही.

"आणि मालाकाईचीही एकच होती," फाने म्हणाली आणि पुढच्या खोक्यासाठी वळली.

सव्वीस खोकी बाहेर आल्यावर फेलेती ओरडला, "थांबा! आलं!"

टॅबलेटवरचं गोल फिरणं थांबलं. आधी नुसता कल्लोळ ऐकू आला, मग एक छत दिसलं, मग कुणाचं तरी नाक. मग खुर्चीशी टेकलेली अकानेसी, काजळ गालावर उतरलेलं. तिच्या मागे वाइमोआना उभी होती. तिचा एक हात खुर्चीकडे पुढे आलेला होता. तो लोसाला बघून हळूच खाली आला.

"आत्या! कुठे होतीस?"

"इथेच होते बाळ. मी कुठे जाते? रडतेस काय, डोळे काळे करून घेतलेस सगळे. डोकं टेक बघू."

पोरीने डोकं खुर्चीवर टेकवलं, काचेला लागून. लोसाने इकडे स्टुलावरच्या काचेवर तळहात ठेवला. आशीर्वादाचे शब्द तिने आठवडाभर पाठ केले होते. त्यातला एकही आठवला नाही. ती नुसती "माझी चिमणी, माझी चिमणी" म्हणत राहिली. हॉलच्या दूरच्या टोकाला सेमीसी मान खाली घालून बसला होता. बहिणीसमोर भावाने असंच बसायचं असतं. पण तो रडत होता हे लोसाला इतक्या लांबूनही कळलं.

केकचा वरचा मजला खुर्चीसमोर आणून ठेवला गेला. टाळ्या झाल्या. मग अकानेसीने डोळे पुसले आणि काचेत वाकून पाहिलं.

"आत्या, तुझ्या मागे ते काय रचलंय गं? भिंतच दिसत नाहीये."

लोसाने मागे वळून पाहिलं. रंगवलेल्या कापडापुढे खोक्यांचा डोंगर, आणि डोंगराला टेकून फाने बसलेली, केस सुटलेले, झगा घामाने चिकटलेला. खोक्यांकडे तिची पाठ होती. तिने त्यांच्याकडे दोनदाच काय, एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापाने मला मान पाठवला होता, तो आहे," लोसा काचेला म्हणाली. "माझा होता. आता माझ्या पोरांच्या आत्याचा आहे."

 मग फानेने अंबाडा बांधायला हात वर केले.

"जरा मोठ्याने बोल," ती म्हणाली. "त्या वाइमोआनाला ऐकू गेलं नसेल."