तीन हात आणि चार मणी

मित्रांनो, वर्गाच्या खिडकीशेजारी मण्यांची जी लाकडी चौकट उभी दिसते ना, तीच मी. दहा तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले आणि माझे मणी त्याच्या लेकीने रंगवले. किती मुले माझ्यावर मोजायला शिकली, त्याची गणतीच नाही! त्यामुळे माझा तोरा भारी होता. जग दहादहानेच मोजायचे असते, असे मी पक्के धरून चालले होते.

आमच्या वर्गात कुठून कुठून आलेली मुले. प्रत्येकाच्या घरची बोली वेगळी, रीत वेगळी. एके दिवशी एक नवी मुलगी आली. बाईंनी माझ्या चार तारांवरचे सगळे मणी सरकवले आणि विचारले, "किती झाले?"

"तीन हात आणि चार," ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला. खोटे कशाला बोलू, मीही मनातल्या मनात हसले. आठवडाभर हेच चालले. शेवटी बाईंनी ठरवले, हिला अंक येत नाहीत, हिला खालच्या वर्गात बसवावे लागेल. त्या वर्गात तिचा धाकटा भाऊ होता. हे ऐकून तिचे डोळे भरून आले, पण तिने रडू गिळले.

मुख्याध्यापक तिला न्यायला आले, तेव्हा बाईंनी शेवटचे म्हणून तेच मणी पुन्हा सरकवले. तिचा अंगठा बोटांवरून भराभर फिरताना त्यांना दिसला.

"हे काय करतेस गं?"

"मोजतेय, बाई. आमची आजी अशीच अंडी मोजते. चार बोटांची बारा पेरं, म्हणजे एक हात."

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि स्वतःच्या बोटांवर मोजू लागल्या. तीन वेळा बारा आणि वर चार. चाळीस! त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, तू पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतीस. मीच कधी विचारलं नाही."

मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. मुख्याध्यापकही मोजू लागले, पण त्यांचे गणित दोनदा फसले.

"सर, अंगठ्याची पेरं धरायची नसतात," ती हळूच म्हणाली. पुन्हा सगळे हसले आणि या वेळी तीही हसली. ती आमच्याच वर्गात राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

आता बाई रोज एकाला विचारतात, "तुमच्या घरी कसं मोजतात?" कुणाचे आजोबा दोरीला गाठी मारतात, कुणाची आई विटा चारचारने मोजते. उतारवयात मीही शिकते आहे आणि मजेत आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर आनंदच आहे. पण त्याआधी एक विनवणी आहे. कुणाचे उत्तर वेगळे आले, तर हसण्यापूर्वी "कसं मोजलंस?" एवढे विचारा. आम्ही ते वेळेवर विचारले असते, तर एक हुशार पोर आठवडाभर स्वतःला ढ समजत बसली नसती.