धुळाजीचा हात

खऱ्या माणसाच्या हाताला अग्नी चटका देत नाही, हे कोंडाजी देवऋषीचं वचन मुळशी पेट्यात आजवर कोणी खोटं पाडलेलं नव्हतं. ज्यांनी आधी जाऊन देवऋषीला बोकड कबूल केला, त्यांचे हात कढत्या तेलातून जसेच्या तसे बाहेर आले. ज्यांनी केला नाही, ते पुढं कितीतरी दिवस हाताला लोणी चोपडत बसले. यावरून देवाला बोकड आवडतो एवढंच सिद्ध होत होतं. पण तसं म्हणायची पद्धत नव्हती.

आज भैरोबाच्या देवळापुढं तीन दगडांच्या चुलीवर कढई चढली होती आणि भोवती सगळं गाव. तेलाला बुडबुडे फुटत होते, चरचर आवाज येत होता. कोंडाजी मोरपिसांचा कुंचा हलवत कढईभोवती उड्या मारत होता. "निवलेला न्हाई, इझलेला न्हाई, खोट्याला सोडायचा न्हाई!" असं तो ओरडला, की पुढच्या रांगेतली रंभाबाई दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडी.

धुळाजी धनगर बाही वर सारून उभा होता. त्यानं डोळे मिटले, मनगटापर्यंत हात तेलात घातला आणि बाहेर काढला. हाताला काही झालं नव्हतं. गावानं भैरोबाचं चांगभलं केलं. धुळाजीला मात्र खाली बघावंसं वाटलं.

भानगड एका शेळीची होती. गावातले शेतकरी आपली शेरडं धुळाजीकडं निम्म्या वाट्यानं लावत. चारायची त्यानं आणि करडं दोघांनी वाटून घ्यायची. एखादं वाघानं नेलं, तर धनगरानं येऊन सांगायचं आणि धन्यानं ऐकायचं. कातडं आणून दाखवायचा रिवाज नव्हता. धुळाजीच्या बापाच्या, म्हसूच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं, आणि धुळाजीच्या घरची चूल त्यावरच पेटत होती.

पण हल्ली धरणाच्या कामावर परमुलखातली माणसं आली होती, मटणाला गिऱ्हाईक झालं होतं, आणि वाघ म्हटलं की लोक गालात हसत होते. गेणबाची शेळी वाघानं नेली, असं धुळाजीनं सांगितलं, तेव्हा गेणबा हसला नाही. पण त्यानं मानही डोलावली नाही. "देवाफुडं सांग," एवढंच म्हणाला.

सकाळीच कोंडाजी धुळाजीच्या मेंढवाड्यावर आला होता. आपुलकीनं म्हणाला की खोट्यापेक्षा खऱ्या माणसाचा हात जास्त भाजतो, कारण खरा माणूस बेसावध असतो. एक बोकड दिला तर तेलाचं तो बघून घेईल.

बायको बयाबाई शेणाची पाटी घेऊन तिथंच उभी होती. कोंडाजी गेल्यावर ती म्हणाली, "लोकांनी आजवर तुमच्या तोंडाकडं बघून जितराब दिलं. तेलाकडं बघून न्हाई."

"हात भाजला तर मेंढरं कोन कातरंल?" धुळाजी म्हणाला.

"आन तोंड भाजलं तर?"

 धुळाजीनं बोकडाचं दावं सोडलं आणि तो कोंडाजीकडं पोचवला.

चांगभलं थांबतं न थांबतं तोच शाळेचे जयसिंग मास्तर पुढं आले आणि आपल्यालाही हात घालायचा आहे, म्हणाले. कोंडाजीनं सांगितलं की देव आता दमलाय. मास्तर म्हणाले, देवाला बसू द्या, आणि कोपरापर्यंत हात बुडवून बाहेर काढला. लोक आ वासून बघत राहिले. मग रंभाबाई पुढं होऊन मास्तरांच्या पाया पडली. "मास्तरांच्या बी अंगात आलं," ती म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तो तेलकट होता, हे त्यांना उशिरा कळलं. मग त्यांनी फडक्यानं कढई धरून पायरीवर ओतली. आधी तेल आलं, आणि मागून गढूळ, आंबूस पाणी. त्यात लिंबाच्या बिया होत्या.

मास्तरांनी शाळेत सांगतात तसं सांगितलं. तापलेलं तेल धुरतं, ते बुडबुडे काढत नाही. बुडबुडे पाण्याचे असतात. कढईच्या बुडाशी लिंबाचा रस घातला, की तो आधी उकळतो आणि वरचं तेल कोमट असतानाच कढल्यासारखं दिसतं. ज्याचा हात भाजायचा असेल, त्याच्या तेलात लिंबू पिळायचं नाही.

"देवानंच लिंबू मागितलं हुतं," कोंडाजी म्हणाला, आणि कुंचा काखेत मारून देवळामागं गेला.

लोक हसले. गेणबा हसला नाही. तो धुळाजीकडं वळला.

"तुला ठावं हुतं?"

न्हाई म्हणणं सोपं होतं. धुळाजीला बयाबाई दिसली, गर्दीच्या कडेला, पदर तोंडाशी धरून.

"व्हय," तो म्हणाला.

"आन वाघाचं?"

"शेळी वाघानंच नेली, गेणबा. म्हसोबाच्या वगळीत, त्या वड्याच्या घळीत. म्या डोळ्यानं बघितलं."

 गेणबाच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "घटकेपूर्वी बी तू असाच हुबा हुतास. असंच तोंड हुतं तुजं. आता म्या कुटल्या तोंडावर इस्वास ठिवू?"

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. लबाडी उघडी पडली की खरं आपोआप वर येतं, असा त्यांचा समज होता. ते घाईनं बोलू लागले. म्हणाले, तेलाला रानातलं काय ठाऊक? शेळी गेली त्या दिवशी चार माणसं वगळीत गेली असती, तर पंजे दिसले असते, रक्त दिसलं असतं. मधल्या पावसात ते सगळं वाहून गेलं. माणूस खरा की खोटा हे त्याच्या इतक्या वर्षांच्या वागण्यावरून ठरवा, जागेवर जाऊन बघा, चार प्रश्न विचारा. हे सगळं सोडून कढईला विचारलंत, म्हणून खऱ्या माणसालाही लबाडी करावी लागली.

"करावी लागली न्हाई, मास्तर," धुळाजी म्हणाला. "केली म्या."

मास्तरांचं बोलणं सगळ्यांना पटलं. तसं लोकांनी बोलूनही दाखवलं. मग ज्याची शेरडं धुळाजीकडं होती, तो प्रत्येक जण मेंढवाड्याकडं निघाला आणि दिवेलागणीच्या आत वाडा निम्मा रिकामा झाला. बयाबाई एकेकाला त्याचं जनावर ओळखून देत होती. कुणाशी भांडली नाही.

गेणबाच्या घरी शेळ्या चारायला माणूस नव्हतं. पुढच्या बाजाराला त्यानं त्या पौडला नेल्या आणि खाटकाला विकल्या.