नकाशा टाकून देणारा कप्तान

मंगळवारी सकाळी आवाज-संग्रहाचा संगणक सुरूच झाला नाही. कॉफी ओतत टॉर्किल्ड म्हणाला, "मेला तर मेला. सगळं बाहेरच्या डिस्कवर आहे."

डेन्मार्कच्या दक्षिणेकडल्या त्या बेटावर टॉर्किल्डच्या शिस्तीला तोड नव्हती. हा निवृत्त कप्तान सहा वर्षं दर मंगळवारी बॅकअप घेत होता. एकही मंगळवार चुकला नाही, हे तो इतक्यांदा सांगे की मंडळींना पाठ झालं होतं. संग्रहात बेटावरच्या चारशे बारा म्हाताऱ्यांच्या मुलाखती होत्या. त्यांतली एक त्याच्या बायकोची, सिड्सेलची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. टॉर्किल्डने ती मुलाखत एकदाही ऐकली नव्हती. "आहे ना तिथे," म्हणायचा, "पळून कुठे जाते?"

गुद्रुनला बोलावणं गेलं. ती पूर्वी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात जहाजांचे निरोप घ्यायची. आता गावातले आजारी संगणक तिच्याकडे येतात. बंद पडलेल्या संगणकातून काहीच वाचता येईना, म्हणून तिने बाहेरची डिस्क आपल्या संगणकाला जोडली, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चष्मा काढला.

"टॉर्किल्ड, हे सगळे छोटे बॅकअप आहेत. त्या त्या आठवड्यात जे बदललं तेवढंच. पहिला, पूर्ण बॅकअप कुठाय?"

"तो? जानेवारीत काढून टाकला. डिस्क भरली होती. आपला नियमच आहे, पाच वर्षांहून जुने कागद दफ्तरात ठेवायचे नाहीत. सगळ्यांत जुना तोच, आणि जाडाही तोच."

"मग नवा पूर्ण घेतलास?"

"त्याला तीन तास लागतात, बाई. छोटा चार मिनिटांत होतो."

"बरं. जहाजावर नकाशे कसे दुरुस्त करायचास?"

टॉर्किल्ड खुलला. "दर आठवड्याला सूचना यायच्या. हा तरंगता बोया सरकला, तिथे नवा वाळूचा दांडा. मी जांभळ्या शाईने नकाशात मांडायचो. एक सूचना सुटली नाही कधी."

"आता असं समज, सूचनांचे कागद सगळे जपून ठेवलेस आणि नकाशाच समुद्रात टाकलास. जा बघू बंदरात."

टॉर्किल्डने पेला खाली ठेवला. म्हणाला, "सिड्सेल पहिल्याच वर्षी बोलली होती."

नंतरच्या मुलाखती छोट्या बॅकअपांत होत्या. बॅकअप सुरू होण्याआधीच्या, पहिल्या वर्षाच्या दोनशे तीस मात्र फक्त त्या जाड्यात.

"ऐक," गुद्रुन म्हणाली. "काढून टाक म्हटलं की डिस्क फक्त यादीतलं नाव खोडते आणि जागा मोकळी झाली म्हणते. त्या जागेवर नवं लिहिलं गेलं नसेल, तर जुनं अजून तिथेच पडून असतं. आता हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही."

दिवसभर तिचा संगणक डिस्कच्या त्या साबणाच्या वडीएवढ्या काळ्या डबीचा तळ धुंडाळत होता. संध्याकाळी आवाज वर येऊ लागले. पण त्यांना नावं उरली नव्हती, नुसते आकडे. कोण बोलतंय हे ऐकूनच ठरवायचं होतं. मग गाव येऊन बसलं. "हा दीपस्तंभावरचा एस्बर्न!" "ही माझी आत्या, कशी खोकते बघा!" गेलेली माणसं एकेक करून परत येत होती, आणि एरवी हवापाण्यावर तासभर वाद घालणारी मंडळी श्वास रोखून बसली होती.

एकशे सतरावा आकडा लावला.

"टॉर्किल्ड, दार लाव की. वारा येतोय, या बाईंना काही ऐकू जाणार नाही."

मग पावलं, आणि दार लागल्याचा आवाज. सहा-सात वर्षांपूर्वी ते दार त्यानेच लावलं होतं. टॉर्किल्ड ऐकत राहिला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

एकोणीस आवाज मात्र आले नाहीत. त्यांच्या जागेवर जानेवारीनंतरचे छोटे बॅकअप लिहिले गेले होते. एकही मंगळवार न चुकवता. टॉर्किल्ड त्या एकोणीस घरी स्वतः गेला. एकीने दारातच विचारलं, "तुला तुझी मिळाली ना?"

"मिळाली," तो म्हणाला.

"मग आत ये. माझे वडील कसे बोलायचे, मी सांगते. लिहून घे."

आता तिथे दर तीन महिन्यांनी पूर्ण बॅकअप होतो आणि मधल्या मंगळवारी छोटे. नवा पूर्ण बॅकअप उघडून ऐकल्याशिवाय जुना काढत नाहीत. दुसरी डिस्क फेरीबोटीने पलीकडच्या गावात ठेवली आहे.

मंडळी, रोज थोडं थोडं जपणं चांगलंच. पण ते थोडं ज्याच्यावर उभं आहे, तेच जुनं म्हणून टाकलं, तर शिस्तीसारखा नुकसान करणारा दुसरा गडी नाही. तुमच्याही घरात अशी एक काळी डबी असेल. तिच्यात पूर्ण प्रत आहे का, आणि ती उघडते का, एवढं आजच बघा. जपलेलं परत हातात घेता आलं, तरच ते जपलं म्हणायचं.